बोटीवर विमान उतरतं कसं?

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाल्यावर गटातल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "पोरगी म्हणते नेव्हीत जायचं, विमान चालवायचं. पण बोटीवर विमान उतरतं कसं हो?" सगळ्या हसल्या. उत्तर मात्र एकीलाही येईना, मलाही नाही. म्हणून वाचून आले.

आपली 'विक्रांत' ही विमानवाहू बोट ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली, विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते. तिच्यावर पहिलं जेट विमान उतरवलं १८ मे ला, लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी. वय एकतीस.

बोट हलती, जागा तोकडी. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो आणि डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. आकडा तारेत अडकला की विमान दोन-तीन सेकंदांत थांबतं. आणि गंमत ऐका, चाकं टेकताच वैमानिक इंजिन पूर्ण जोरात सोडतो! आकडा हुकलाच तर परत उडता यावं म्हणून. आपल्याला तर एसटीनं जोरात ब्रेक मारला तरी धडकी भरते.

पुढे हेच ताहिलियानी विक्रांतचे कप्तान झाले आणि डिसेंबर १९८४ मध्ये अ‍ॅडमिरल होऊन नौदलप्रमुख. वैमानिकांतून त्या खुर्चीवर बसलेले ते पहिलेच. त्यांच्याच काळात, १९८७ ला 'विराट' बोट आली. नंतर ते सिक्कीमचे राज्यपाल होते. लग्नाच्या भारी कपड्यांचे ते तरुण ताहिलियानी आहेत ना, ते त्यांचेच चिरंजीव.

त्या काळी ही वाट मुलींना बंदच होती. शिवांगी नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली ती २०१९ मध्ये. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत मुली २०२२ पासून आहेत. नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. लग्न झालेलं चालत नाही. परीक्षेला मुलींना फी नाही.

ताईंची मुलगी यंदा दहावीला आहे. घरात स्थळाचं बोलणं चाललंय, आणि अकरावीला गणित कशाला, असंही. शनिवारी मी आणि गटाच्या अध्यक्षा तिच्या वडिलांना भेटायला जातोय. तिची आजी आमच्या बाजूनं आहे, एवढं कळलंय.