आकडा
(वस्तीतल्या बैठकीत केलेलं भाषण)

मी मॅट्रिक. गोदीत गोण्या उचलतो, रात्री कविता लिहितो. भाषणाची सवय नाही. पण आकडा या शब्दाशी माझा रोजचा संबंध. गोणीत रुततो तोही आकडा, बिलावर असतो तोही आकडा. पहिला माझ्या हातात असतो. दुसरा कुणाच्या हातात असतो, ते सांगायला उभा राहिलोय.

गेल्या पावसाळ्यात बापाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ठेकेदाराने काढलेलं विम्याचं कार्ड होतं, दवाखाना नेटवर्कमधला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचंही तेच ऑपरेशन. त्याची कंपनी वेगळी, नेटवर्क एकच. निघताना आमच्याकडून वरचे ११ हजार घेतले, त्याच्याकडून ४. मी काउंटरवर विचारलं, ठरलेला दर किती? उत्तर आलं, "ते कंपनीचं आणि आमचं आहे." च्यायला, पोट फाडलं माझ्या बापाचं, आणि दर यांचा आपसातला!

२०१० साली चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत मिळून एक नेटवर्क उभं केलं. ठरावीक ऑपरेशनांना ठरावीक पॅकेज दर. म्हणजे चौघांना एकत्र बसून दर ठरवता येतो. मग तो खाटेवरच्या माणसाला का सांगता येऊ नये? महाराष्ट्रात २०२१च्या नियमाने खासगी दवाखान्यांना दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलंय. पण भिंतीवर असतो दवाखान्याचा स्वतःचा दर. कार्डवाल्याचा दर करारात.

आता अमेरिका बघा. ती काही गरिबांची माउली नाही. तिथं दवाखान्याच्या बिलापायी माणसं कर्जात बुडतात. तरी तिथं १ जानेवारी २०२१पासून दवाखान्यांना, आणि १ जुलै २०२२पासून विमा कंपन्यांना, आपसात ठरवलेले दर जाहीर करावे लागतात. फुकट, कुणालाही.

कंपन्यांनी काय केलं? फायली टाकल्या, एवढ्या अवाढव्य, की साध्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. तिथंही नेटवर्क सामायिक असतं. एक कंपनी दुसरीचं नेटवर्क भाड्याने घेते, आणि तोच डॉक्टर, तोच दर फायलीफायलीत पुन्हा पुन्हा येतो. जो डॉक्टर अमुक ऑपरेशन कधी करतच नाही, त्याच्या नावापुढेही त्याचा दर! लपवायची ही दुसरी तऱ्हा. अंधारात ठेवायचं, नाहीतर ढिगाखाली गाडायचं.

म्हणून नुसतं 'दर जाहीर करा' म्हणून भागणार नाही. एका नेटवर्कचा दर एकदाच छापा. खाली लिहा, कुठल्या कंपन्यांच्या कार्डाला तो लागू आहे. दवाखान्याचं नाव, ऑपरेशनचं नाव, रक्कम, आणि वरचे पैसे कशाचे घेता येतात, कशाचे नाही. मराठीत, काउंटरच्या भिंतीवर, माझ्या आईला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं तरी कळेल असं.

दर छापल्याने दर उतरतो, असं मी म्हणत नाही. पण भांडायला धरायची जागा मिळते. गोदीत आम्हाला गोणीमागचा दर माहीत असतो, म्हणून मुकादमाने एक रुपया कापला तरी अख्खी टोळी उभी राहते. दवाखान्यात मी एकटा होतो, हातात काहीच नव्हतं. आईच्या जोडव्या मोडून आलो.

दोस्तहो, आकड्याशिवाय गोणी हलत नाही. आपला आकडा मागून घ्या.