विमानाच्या पंखावर पीएच.डी. : फी भरून नव्हे, फेलोशिप घेऊन

(अहिल्यानगर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवतो. संशोधनाचं नाव काढलं की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो, "अजून पाच वर्षं शिकायचं, मग घर कोण चालवणार?" प्रश्न रास्त आहे, म्हणून पैशाचं आधी सांगतो. आयआयटीत फेलोशिपवर पीएच.डी. करणाऱ्याला पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये किंवा डीआरडीओच्या प्रयोगशाळांत ज्युनिअर रिसर्च फेलोची रक्कम 37,000 रुपयेच आहे, घरभाडं वेगळं. आपली मुलं जिथे पहिली नोकरी धरतात, तिथे अनेकदा याच्या निम्मंही मिळत नाही.

आता पंखाचं. पंखात शोधायचं अजून काय उरलं आहे? खूप उरलं आहे. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. टोकापाशी खालची हवा वर वळते, भोवरे होतात आणि त्यात इंधन वाया जातं. पंख लांब केला तर हे नुकसान घटतं. पण लांब पंख मुळाशी जास्त वाकतो, म्हणून जड करावा लागतो, आणि विमानतळावर मावतही नाही. बोइंग 777एक्सच्या पंखांची टोकं यासाठीच जमिनीवर दुमडतात : 71.8 मीटरचा विस्तार 64.8 मीटरवर येतो. हलका, लांब आणि तरीही न फडफडणारा पंख कसा करायचा, यावर आज जगभर प्रबंध लिहिले जात आहेत.

हे काम आपल्यापासून दूरचं नाही. विष्णु माधव घाटगे या मराठी माणसाने जर्मनीत ग्यॉटिंगेनला प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली. भोवऱ्यांचं हे गणित मांडणारे ते हेच प्रांटल. घाटगेंनी पुढे एचटी-2 हे प्रशिक्षण विमान घडवलं. ते 1951 साली उडालं. आणि आपल्या नगरच्या व्हीआरडीईने 'निशांत' या मानवरहित विमानाच्या इंजिनावर काम केलं आहे.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली. तिच्यासाठी मागणी करत राहणं हा आपला हक्क आहे, तो सोडू नका. पण मागणी मान्य होईपर्यंत वय थांबत नाही. उघडे दरवाजे मोजून घ्या.

पहिला दरवाजा गेट. तिसऱ्या वर्षापासून देता येते. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. स्कोअर तीन वर्षं चालतो. एरोस्पेसची पदवीच हवी असं नाही. मेकॅनिकलवाल्यांनाही पवईच्या एरोस्पेस विभागात वाट आहे. बी.ई.नंतर थेट पीएच.डी.लाही घेतात, मात्र गुण भक्कम हवेत.

दुसरा, महाज्योती. पिंजारी, बागवान, तांबोळी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रं आजच काढायला टाका. जाहिरात आल्यावर तहसीलला पळणाऱ्याची मुदत हमखास निघून जाते.

तिसरा, परदेश. नेदरलँड्स, जर्मनी, स्वीडनमध्ये पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतेक वेळा पगारी कर्मचारी असतो. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये तर नोकरीचा करारच होतो. तिथे सहसा एम.टेक. लागतं आणि जागा विषयानुसार निघतात. प्राध्यापकाला लिहिताना "सर, मला संधी द्या" एवढंच लिहू नका. त्यांचा एक शोधनिबंध वाचा आणि त्यावर एक नेमका प्रश्न विचारा.

तयारीला पैसा लागत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. एक्सफॉइल हा पंखाचा छेद तपासणारा प्रोग्राम फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

गॅरेजमध्ये, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वाढलेल्या मुलांना धातू कुठे वाकतो, वेल्ड कुठे तुटतो हे हाताला ठाऊक असतं. त्याला गणिताची जोड द्या. आणि पालकांनो, मुलीचा गेटचा स्कोअर आला तर स्थळाआधी प्रवेशाचा अर्ज भरा.

या वर्षी या सभागृहातून दहा जणांनी जरी गेटचा अर्ज भरला, तरी आजचं बोलणं कारणी लागलं.