सुट्टी संपल्यावर तिथेच राहिलेली माणसं



इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तीन बाजूंना समुद्र, उन्हाळ्यात पाहुण्यांची गर्दी आणि हिवाळ्यात शुकशुकाट. 1980 च्या दशकात एक्सेटर विद्यापीठातले भूगोलाचे दोन अभ्यासक, ॲलन विल्यम्स आणि गॅरेथ शॉ, तिथल्या लहान गेस्ट हाउसवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना काही साधे प्रश्न विचारत होते. धंद्यात कधी उतरलात? भांडवल कुठून आणलंत? त्याआधी काय करत होतात? उत्तरांतून निघालेली गोष्ट त्या वेळी नवी होती. यांतले पुष्कळ मालक मुळात कॉर्नवॉलचे नव्हतेच. कधीकाळी ते इथे सुट्टीला आले, जागा मनात भरली आणि पुढे नोकरी सोडून, साठवलेली पुंजी घेऊन त्यांनी इथे बिऱ्हाड हलवलं. हॉटेलच्या धंद्याचं शिक्षण फारसं कुणाकडे नव्हतं. मोठ्या नफ्याची आसही अनेकांना नव्हती. समुद्राजवळ राहायला मिळावं आणि घरखर्च निघावा, एवढ्यावर ते समाधानी होते. 1989 मध्ये विल्यम्स, शॉ आणि सहलेखक ग्रीनवुड यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पाहुणा रहिवासी होतो. विल्यम्स यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज या निरीक्षणात आहे.

भूगोलाच्या विभागांत त्या काळी पर्यटन हा हलका विषय समजला जाई. पोलाद, कोळसा, शेती, शहरांची वाढ हे भारदस्त विषय. लोक सुट्टीत कुठे जातात यात अभ्यासण्यासारखं ते काय? स्थलांतराच्या अभ्यासाची चौकटही जुनी होती. अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हेनस्टाइन यांनी 1885 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे स्थलांतराचे नियम मांडले. माणसं मुख्यतः पोटासाठी हलतात, बहुतेक जण जवळच जातात आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, असं त्यांचं म्हणणं. शंभर वर्षं या नियमांनी चांगलं काम दिलं. पण नोकरी संपवून, पेन्शन घेऊन, केवळ उन्हासाठी आणि निवांतपणासाठी हजार-दीड हजार मैल दूर, परक्या भाषेच्या देशात राहायला जाणारं साठीचं जोडपं या चौकटीत कुठे बसवायचं? पर्यटनाच्या अभ्यासकांना ते आपले वाटत नव्हते, कारण ते परत जात नव्हते. स्थलांतराच्या अभ्यासकांनाही वाटत नव्हते, कारण ते कामाला आले नव्हते.

1990 च्या दशकात हे काम तिघांनी मिळून हाती घेतलं. विल्यम्स यांच्याकडे पर्यटनाचा आणि पोर्तुगालसह दक्षिण युरोपच्या अर्थकारणाचा अभ्यास होता. ससेक्स विद्यापीठातले रसेल किंग यांनी इटलीतल्या जमीनसुधारणांवर पुस्तक लिहिलं होतं आणि बेडफर्डच्या वीटभट्ट्यांवर कामाला आलेल्या इटालियन मजुरांचाही अभ्यास केला होता. शेफील्डचे टोनी वॉर्न्स वार्धक्याचे अभ्यासक. तिघांचा मिळून ग्रंथ 2000 मध्ये आला, ‘सनसेट लाइव्ह्ज’. त्यासाठी त्यांनी चार ठिकाणं निवडली: इटलीतलं टस्कनी, माल्टा बेट, स्पेनचा कोस्टा देल सोल आणि पोर्तुगालचा आल्गार्व्ह किनारा.

या चार ठिकाणांची तुलना हा त्या ग्रंथाचा सर्वांत रसाळ भाग आहे.

टस्कनीच घ्या. तिथल्या टेकड्यांवर दगडी शेतघरं आहेत. शतकानुशतकं त्यांत अर्धेली करणारी कुळं राहत; पिकाचा निम्मा वाटा मालकाचा, निम्मा कुळाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडत गेली, 1964 मध्ये नवे अर्धेलीचे करार कायद्याने बंद झाले आणि शेतकऱ्यांची मुलं कारखान्यांत कामाला शहरांत गेली. घरं ओस पडली. ती पडकी घरं पुढे ब्रिटिशांनी विकत घेतली, दुरुस्त केली. शिकलेला, कला आणि ग्रामीण जीवनाची ओढ असलेला वर्ग तिथे इतका जमला की कियांती भागाला इंग्रज थट्टेने ‘कियांतीशर’ म्हणू लागले. एका स्थलांतराने रिकामी केलेली जागा दुसऱ्या स्थलांतराने भरली. जमीनसुधारणेचा अभ्यासक गटात असल्यावर असा दुवा नजरेतून सुटत नाही. विद्यापीठात वेगवेगळ्या विषयांची माणसं एका टेबलाशी बसवावीत ती याचसाठी.

माल्टाची गोष्ट निराळी. 1964 पर्यंत ते ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. नौदलाचा मोठा तळ तिथे होता, इंग्रजी सगळीकडे चालते, गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. 1960 च्या दशकात तिथल्या सरकारने परदेशी रहिवाशांना पौंडामागे सहा पेन्स इतकाच प्राप्तिकर लावला आणि या सवलतीवर आलेल्या ब्रिटिशांना ‘सिक्सपेनी सेटलर’ हे नाव पडलं. तारुण्यात नौदलात असताना माल्टा पाहिलेली माणसं म्हातारपणी तिथेच परतली. साम्राज्य गेलं, पण त्याच्या वाटा पेन्शनरांच्या पायाखाली राहिल्या.

कोस्टा देल सोलला लोक पोचले ते थेट सुट्टीच्या वाटेने. व्लादिमिर राइट्झ यांनी 1950 मध्ये साडेबत्तीस पौंडांत विमानभाड्यासह कोर्सिकातल्या तंबूंमधली सहल विकली. त्या प्रकारच्या सहलींनी पुढच्या वीस वर्षांत स्पेनचा किनारा साध्या कामगार कुटुंबाच्याही आवाक्यात आणला. 1979 च्या ऑक्टोबरात ब्रिटनने परकीय चलनावरचे निर्बंध उठवले, तेव्हा परदेशात घर घेणं सोपं झालं. 1986 मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल युरोपीय समुदायात आले. 1990 च्या एका निर्देशाने, पुरेसं उत्पन्न आणि आरोग्यविमा असलेल्या निवृत्तांना समुदायातल्या कुठल्याही देशात राहण्याचा हक्क मिळाला. या पायऱ्या एकापुढे एक मांडल्या की ऊन आवडणं ही खासगी बाब राहत नाही. आवड माणसाची असते, पण तिला वाट काढून देतात ती विमानं, कायदे आणि करार.

मोजायचं कसं, ही खरी अडचण होती. स्पेनमध्ये रहिवाशांची नोंद नगरपालिकेच्या ‘पाद्रोन’मध्ये होते. कराच्या धास्तीने, भाषेच्या अडचणीने किंवा वर्षातले काही महिनेच राहत असल्यामुळे अनेक ब्रिटिश तिथे नाव घालत नसत. नगरपालिकेला वरून मिळणारा पैसा मात्र नोंदलेल्या लोकसंख्येवर ठरतो. परिणामी पाणी, कचरा, दवाखाने यांवरचा भार खऱ्या माणसांचा आणि निधी कागदावरच्या माणसांपुरता. अभ्यासकांनी मग दुसरा मार्ग धरला. ब्रिटिश सरकार कुठल्या देशात किती जणांना पेन्शन पाठवतं, याची आकडेवारी वॉर्न्स यांनी तपासली. जोडीला प्रश्नावल्या आणि सविस्तर मुलाखती घेतल्या. क्लब, चर्च, ब्रिज खेळणाऱ्यांचे गट, इंग्रजी वाचनालयं अशा ठिकाणी जाऊन माणसं शोधावी लागली.

दारू पिऊन पोहण्याच्या तलावाशी पडलेले म्हातारे, हे ब्रिटिश वर्तमानपत्रांतलं चित्र या कामाने पुसलं. बहुसंख्य लोक आपल्या निर्णयावर समाधानी होते. अनेकांनी नोकरीच्या काळात आधीच परदेशात वर्षं काढली होती. बहुतेकांचा त्या जागेशी पहिला संबंध सुट्टीतून आला होता. मग भाड्याचं घर, मग स्वतःचं घर, मग हिवाळ्यातले काही महिने आणि शेवटी कायमचा मुक्काम. पर्यटक आणि स्थलांतरित यांच्यामध्ये रेष मारायची कुठे, हा प्रश्न अशी आयुष्यं पाहिल्यावर फोल वाटतो. 2002 मध्ये मायकेल हॉल यांच्याबरोबर संपादित केलेल्या ग्रंथात विल्यम्स यांनी हाच विचार रुंद केला. निवृत्त माणूस येतो तेव्हा त्याच्या मागून कामगारही येतात. किनाऱ्यावर घरं बांधणारे, बागा राखणारे, आजाऱ्याची उठबस करणारे हात मोरोक्को, रुमानिया, लॅटिन अमेरिकेतून आलेले असतात. पुढे व्लादिमिर बालाझ यांच्यासोबत विल्यम्स यांनी ब्रिटनमध्ये घरकाम आणि मुलं सांभाळण्यासाठी राहून स्लोव्हाकियात परतलेल्या तरुण-तरुणींचाही अभ्यास केला.

पण या साऱ्या कामाचं मोल सर्वांत जास्त जाणवतं ते दहा-पंधरा वर्षांनंतरच्या प्रश्नापाशी. साठीला गेलेलं जोडपं पंच्याहत्तरीला येतं. त्यातला एक जातो. गाडी चालवणं सुटतं, आणि डोंगरउतारावरच्या ज्या घरातून समुद्र दिसतो त्याच घरापासून दुकान दोन मैल दूर असतं. अमेरिकेतल्या वृद्धांबद्दल लिटवाक आणि लाँजिनो या अभ्यासकांनी 1987 मध्ये तीन हालचाली सांगितल्या होत्या: पहिली सुखासाठी, दुसरी आधारासाठी मुलांजवळ, तिसरी शुश्रूषेसाठी संस्थेत. माणूस परदेशात असला की दुसरी हालचाल फार अवघड होते. ब्रिटनमधलं घर विकलेलं असतं आणि तिथल्या किमती तोवर आवाक्याबाहेर गेलेल्या असतात. दक्षिण युरोपात म्हाताऱ्यांची देखभाल कुटुंबाने करायची, अशी रीत. आपल्याकडे जशी आजाऱ्याच्या उशाशी घरचं कुणीतरी असतंच, तशीच तिथेही अपेक्षा. ज्याचं कुटुंब हजार मैलांवर आहे त्याने काय करावं?

मालागाजवळ याला एक उत्तर उभं राहिलं. पती फ्रेड यांना कर्करोगाने नेल्यावर जोन हंट या ब्रिटिश बाईंनी 1992 मध्ये ‘कुदेका’ ही संस्था काढली. असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा हे तिचं काम. परक्यांच्या गरजेतून उगवलेल्या या संस्थेत आज स्पॅनिश रुग्ण मोठ्या संख्येने येतात. परदेशी पेन्शनर स्थानिकांचं काहीतरी घेतात, एवढाच हिशेब मांडणाऱ्यांनी हेही जमेला धरावं.

राज्याचा हात या आयुष्यांवर किती जड असतो, हे पुढच्या वर्षांनी दाखवलं. 2007 च्या सुरुवातीला एका पौंडाला सुमारे दीड युरो मिळत. 2008 संपताना जेमतेम एक. पेन्शन पौंडात आणि भाजी युरोत, म्हणजे महिन्याचं उत्पन्न जागच्या जागी एक तृतीयांशाने आटलं. मग युरोपीय संघात राहायचं की नाही, यावरचं 2016 चं ब्रिटिश सार्वमत आलं. पंधरा वर्षांहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्या ब्रिटिशांना त्यात मतच नव्हतं. हॅरी शिंडलर दुसऱ्या महायुद्धात अँझिओला लढले आणि 1982 पासून इटलीत राहत होते. त्यांनी हा नियम बदलावा म्हणून लंडनपासून युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत झगडा दिला. कायदा 2022 मध्ये बदलला, अंमल 2024 च्या जानेवारीत सुरू झाला. शिंडलर 2023 मध्ये, 101 व्या वर्षी गेले. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून, रहिवासाचा परवाना नसलेल्या ब्रिटिशांना तिथे 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. हिवाळा किनाऱ्यावर काढणाऱ्यांचा जुना परिपाठ त्यामुळे मोडला. ज्या विषयाला हलका म्हटलं गेलं, त्याच्या पोटात नागरिकत्व, मतदान, कर, आरोग्य आणि जमीन हे सगळं निघालं. विल्यम्स, किंग आणि वॉर्न्स यांनी पायाभूत काम आधीच करून ठेवलं होतं, म्हणून नंतर आलेल्या अभ्यासकांना आणि धोरणं आखणाऱ्यांना कोरी पाटी घेऊन बसावं लागलं नाही.

आता तुमच्या दारातली गोष्ट. ब्रिटनचं सरकारी पेन्शन स्पेनमध्ये राहणाऱ्याला दरवर्षी वाढीसह मिळतं, पण भारतात राहणाऱ्याला ते आहे तिथेच गोठतं. लंडनमध्ये तीस वर्षं नोकरी करून पुण्यात किंवा कोल्हापुरात परतणाऱ्या मराठी माणसाला हा नियम थेट लागू होतो. पुण्याला पेन्शनरांचं शहर म्हणण्याची पद्धत किती जुनी आहे, आणि पाषाण-बाणेरकडे आज ज्येष्ठांसाठी खास संकुलं उभी आहेत. तिथे राहणाऱ्या अनेकांची मुलं अमेरिकेत. नातवंडं सांभाळायला आजी-आजोबा सहा महिने तिकडे जातात, सहा महिने इकडे असतात. रसेल किंग आणि ज्यूली व्हुल्नेतारी यांनी अल्बेनियातल्या ज्या वृद्धांना ‘अनाथ पेन्शनर’ म्हटलं, मुलं परदेशी गेलेली आणि गावात एकटे उरलेले, त्यांचं वर्णन वाचताना सदाशिव पेठेतलं किंवा राजापुरातलं एखादं घर डोळ्यांपुढे येतं.

कोकणात तर चाकरमानी निवृत्तीनंतर गावी येतात, वडिलोपार्जित घराची डागडुजी करतात, कुणी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढतात. 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, हे जनगणना सांगते. पण निवृत्त होऊन परत आलेले किती, हे ती सांगत नाही. 2011 च्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांची यादी होती: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलणं, कुटुंबासोबत हलणं आणि इतर. निवृत्ती त्यात नव्हती. ती माणसं ‘इतर’मध्ये विरून गेली.

पुढची जनगणना 2027 मध्ये व्हायची आहे. तिच्या तक्त्यांची वाट न पाहता दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ले या तालुक्यांतली काही गावं तुमच्या विद्यापीठाच्या विभागांना स्वतः मोजता येतील. परत कोण आलं, किती वर्षांनी आलं, घर कुणाच्या नावावर आहे, वर्षातले किती महिने ते उघडं असतं, प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे, रात्री छातीत दुखलं तर फोन कुणाला करणार. यासाठी मोठं अनुदान लागत नाही. एक नीट प्रश्नावली लागते, एसटीचं तिकीट लागतं आणि पडवीत बसून दोन तास ऐकून घेण्याची तयारी लागते. आज पदवी घेणाऱ्या तुकडीतल्या चौघांनी जरी हे काम घेतलं, तरी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागापुढे ठेवता येईल असा पहिला तक्ता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तयार होऊ शकतो.