घरासमोरचे उद्यान
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी आर्ल हे लहानसे, पुरातन गाव आहे. तेथील रोमन काळातील भव्य प्रेक्षागार आजही उभे आहे आणि येणारा प्रवासी प्रथम तिकडेच वळतो. १८८८ च्या फेब्रुवारीत या गावी एक डच चित्रकार आला. त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. गाव परके, तेथील बोली परकी.

त्याने भाड्याने घेतलेल्या पिवळ्या घरासमोर सार्वजनिक उद्यान होते. हिरवळ, झुडपे, फांद्या खाली झुकलेले एक झाड. मुद्दाम पाहायला जावे असे त्यात काही नव्हते. व्हॅन गॉगने तेथेच ईझल मांडला. १८४१ मध्ये रंगांसाठी धातूची नळी निघाल्यापासून चित्रकारांना उघड्यावर बसून रंगवणे सोपे झाले होते. पण आर्लचा ‘मिस्त्राल’ वारा हातातला कॅनव्हास हलवून सोडी. मग तो ईझलचे पाय जमिनीत रोवी, शेजारी लोखंडी खुंट्या ठोकी आणि सारे दोरीने बांधून चित्र काढी.

त्या शरदात त्याने या उद्यानाची चित्रमालिका रंगवली आणि तिला कवीचे उद्यान मानले. चौदाव्या शतकातील कवी पेत्रार्क जवळच्या आविन्यों शहरी राहून गेला होता. तोही अशाच झाडाझुडपांतून हिंडला असेल, ही त्यामागची कल्पना. ही चित्रे होती आपल्याकडे राहावयास येणाऱ्या पॉल गोगँ या चित्रकार मित्राच्या खोलीसाठी. जो स्वतः त्या गावी उपरा होता, तो दुसऱ्याच्या स्वागताची तयारी करीत होता.

गावाने मात्र त्याला आपले म्हटले नाही. तो आजारी पडला. १८८९ मध्ये तीसएक रहिवाशांनी त्याच्याविरुद्ध अर्ज केला आणि पोलिसांनी घराला टाळे ठोकले. ते घरही १९४४ च्या बॉम्बवर्षावात गेले. चित्रे राहिली. ज्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, त्या वास्तूला आज त्याचेच नाव आहे.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या मनात एक प्रश्न असतोच : आपले गाव कोणते? आजोळचे, की हे? या प्रश्नाचे उत्तर कोणी शिकवून देता येत नाही. ज्या झाडाकडे मूल तासभर पाहते, ज्याच्या सावलीचा रंग शोधताना ते तीनदा चुकते, ते झाड त्याचे होते; आणि झाडामागून गावही.

गुणपत्रिकेत या तासाची नोंद होत नाही, म्हणून पालकांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. तरीही एखाद्या रविवारी सकाळी मुलाला रंगपेटी देऊन घराजवळच्या बागेत न्यावे. परतल्यावर चित्र कसे जमले, हे विचारू नये. काय काय पाहिलेस, एवढेच विचारावे. आणि ते त्याला मराठीत सांगू द्यावे.