बांधावरून क्षेत्रफळ : ग्रीनचे प्रमेय आणि गणित सोडविण्याची रीत

(गणित शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शेताच्या चारही बाजू प्रत्येकी १०० मीटर आहेत त्याचे क्षेत्रफळ किती, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडून ‘एक हेक्टर’ हेच उत्तर येईल. शेत चौरस असेल तर ते बरोबर आहे. परंतु तेच शेत तिरके असून त्याचा एक कोन ६० अंशांचा असेल, तर क्षेत्र सुमारे ८६.६ आर भरते. कोन ३० अंशांचा असेल तर अवघे ५० आर. बांधाची लांबी मात्र तिन्ही वेळा ४०० मीटरच. केवळ बाजू मोजून वाटणीपत्र करणाऱ्याचे अर्धे शेत कागदावर असेल आणि जमिनीवर नसेल, असा याचा व्यवहारातला अर्थ आहे.

हा इशारा जुनाच आहे. समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजा निम्म्या करून त्यांचा गुणाकार करण्याची रीत ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिली, पण तिला स्थूल म्हणूनच दिली. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) याहून कठोर भूमिका घेतली. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि ते सांगणाऱ्यालाही त्यांनी पिशाच म्हटले आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. शंकू-साखळीच्या मोजणीत शेतात पायारेषा आखून कोपऱ्यांचे लंब घेत, त्यामागचे तत्त्व हेच.

मग बांधाला शेताचे क्षेत्रफळ ठाऊक नसते काय? असते, मात्र लांबीबरोबर त्याची दिशाही टिपावी लागते. नेमके हेच बहुचल कलनशास्त्रातील ग्रीनचे प्रमेय सांगते.

एक पाचकोनी शेत घेऊ. एका कोपऱ्याला मूळबिंदू मानून पूर्वेकडचे अंतर क्ष आणि उत्तरेकडचे अंतर य मीटरमध्ये लिहिले, तर कोपरे असे आहेत : (०, ०), (१२०, १०), (१४०, ९०), (६०, १३०) आणि (०, ७०). घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने बांधावरून चालावे. प्रत्येक बाजूसाठी, पहिल्या कोपऱ्याचा क्ष गुणिले पुढच्याचा य, यातून पुढच्याचा क्ष गुणिले पहिल्याचा य वजा करावा. पाच बाजूंची उत्तरे ०, ९४००, १२८००, ४२०० आणि ० येतात. बेरीज २६४००, तिची निमपट १३२०० चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर ३२ आर. शेतात पाऊल न टाकता, केवळ कडेने फिरून हे उत्तर मिळाले. मोजणीच्या रोव्हर यंत्राने कोपऱ्यांची स्थाने मिळाली की क्षेत्र काढण्याचा सरळ मार्ग हाच. बांध वळणाचा असेल तर बाजू अतिशय लहान घ्याव्यात. बेरजेची जागा संकलन घेते.

हे का घडते, ते वाफ्यांवरून समजते. शेताचे बारीक वाफे पाडले आणि प्रत्येक वाफ्याभोवती एकाच दिशेने फेरी मारली, तर दोन वाफ्यांमधल्या सामाईक वरंब्यावरून दोनदा, परस्परविरुद्ध दिशांनी चालणे होते. त्या दोन हिशेबांची वजाबाकी होते. उरतो तो फक्त बाहेरचा बांध.

ज्यांच्या नावाने हे प्रमेय ओळखले जाते ते जॉर्ज ग्रीन (१७९३–१८४१) इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे. वडील पाव भाजण्याचा धंदा करीत. जवळच स्नेंटन येथे त्यांची पवनचक्की होती. ग्रीन यांना शाळा लाभली ती जेमतेम वर्षभर. १८२८ मध्ये त्यांनी वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावरचा निबंध वर्गणीदार जमवून छापला. सुमारे पन्नास जणांनी तो घेतला. त्यांतल्या बहुतेकांना तो समजला असण्याचा संभव नाही. वयाच्या चाळिशीत, १८३३ साली, ते केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले. निबंधाचे मोल जगाला कळले ते त्यांच्या मृत्यूनंतर, विल्यम थॉमसन यांच्या हाती १८४५ मध्ये त्याची प्रत आली तेव्हा. प्रतलातले हे प्रमेय आजच्या रूपात त्या निबंधात मात्र नाही. कोशी यांनी ते १८४६ मध्ये प्रसिद्ध केले. नाव राहिले ग्रीन यांचे, आणि त्यात अन्याय झाला असे म्हणवत नाही.

आता वर्गातील अडचणीकडे वळू. विद्यार्थी सूत्र पाठ करतो आणि उदाहरण दिसताच आकडेमोड सुरू करतो. वास्तविक पहिला प्रश्न असा हवा : येथे आतून जाणे सोपे की कडेने? लंबवर्तुळाचे क्षेत्रफळ दुहेरी संकलनाने काढताना वर्गमुळांत अर्धे पान जाते. कडेने गेल्यास क्ष = अ कोज्या थ, य = ब ज्या थ एवढे मांडले की ‘क्ष गुणिले य-मधील बदल, वजा य गुणिले क्ष-मधील बदल’ ही राशी सर्वत्र अब पट थ-मधील बदल एवढीच राहते. पूर्ण फेरीचे संकलन २πअब, निमपट πअब. काम एका ओळीत संपते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आणि परीक्षेत हमखास विसरला जाणारा : आत काही वगळलेले आहे काय? शेतात विहीर किंवा खडकाळ पोटखराबा असेल तर लागवडीचे क्षेत्र काढताना बाहेरची फेरी एका दिशेने आणि पोटखराब्याभोवतीची उलट दिशेने घ्यावी लागते; वजाबाकी आपोआप होते. सदिश क्षेत्रांतही तसेच. –य आणि क्ष या घटकांना क्ष²+य² ने भागून होणाऱ्या क्षेत्रात मूळबिंदूखेरीज सर्वत्र भोवरा शून्य असतो. म्हणून विद्यार्थी मूळबिंदूभोवतीच्या फेरीचे उत्तर शून्य लिहून मोकळा होतो. प्रत्यक्ष उत्तर २π आहे. मूळबिंदूवर भागाकाराचा छेदच शून्य होतो, तेथे क्षेत्र अस्तित्वात नाही. ती त्या शेतातली विहीर आहे. तिच्याभोवतीची उलटी फेरी हिशेबात धरली की दोन्ही फेऱ्यांची बेरीज शून्य येते आणि प्रमेय जागच्या जागी उभे राहते.