सुपारीने आखडलेलं तोंड



आपली पाणीपुरी जयपुरात पताशी होते. तिथल्या एखाद्या गाड्यावर विशी-पंचविशीतला तरुण पताशी मोडून, तुकड्या-तुकड्याने खाताना दिसला, तर तो संकोच करतोय असं समजू नका. अख्खी पुरी आत जाईल एवढं त्याचं तोंड उघडतच नसेल. आधी तिखटाने आग होते, मग शिट्टी वाजेनाशी होते, गाल फुगवता येत नाहीत. दातांचे डॉक्टर गालाच्या आतून बोट फिरवतात, तेव्हा एरवी मऊ, गुलाबी असणारं अस्तर पांढुरकं पडलेलं असतं आणि बोटाला ताणलेल्या दोऱ्यांसारखे उभे पट्टे लागतात.

या रोगाचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली. पुढच्याच वर्षी डॉ. जोशी यांनी भारतातले रुग्ण मांडले. म्हणजे हा रोग गुटख्याच्या पुडीपेक्षा जुना आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आत नेमकं काय होतं? रोगाचं मूळ सुपारीत आहे: तिचे खरखरीत तंतू अस्तर सोलतात आणि तिच्यातलं अरेकोलीन नावाचं रसायन आत झिरपतं. दुखावलेल्या पेशी मग रासायनिक निरोप धाडतात: इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा. ते मिळताच रक्तातल्या संरक्षक पेशी जमा होतात आणि दाह सुरू होतो. जेवताना गाल चावला गेला तरी हेच होतं, पण चार-आठ दिवसांत सगळं निवतं. इथे मात्र दिवसभर पुडीमागून पुडी चालू असते, त्यामुळे निरोप थांबत नाहीत. त्यातला सर्वांत चिवट म्हणजे टीजीएफ-बीटा. तो तंतू विणणाऱ्या पेशींना सांगतो, कोलॅजेन बनवा. आणि जुनं कोलॅजेन विरघळवणाऱ्या एन्झाइमांना सांगतो, तुम्ही गप्प बसा. बुजलेल्या भेगेवर गवंडी थरावर थर लिंपतच राहिला, तर शेवटी दारच उघडेनासं होईल, तसं हे आहे. सुपारीत तांबंही बरंच असतं. कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट गुंफणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला नेमकं तेच लागतं. या साऱ्याला लगाम घालणारा इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोपही शरीराकडे असतो. पण या रुग्णांमध्ये तो कमी पडलेला आढळतो.

एवढं सगळं सांगून झालं, आणि यात तंबाखू अजून आलेलीच नाही!

आता जयपूरकडे परत येऊ. गुटख्याच्या प्लॅस्टिक पुड्यांविरुद्ध कोर्टात गेली ती जयपूरची इंडियन अस्थमा केअर सोसायटी. दम्याच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने हे काम अंगावर घ्यावं, याचं मला कौतुक वाटतं. राजस्थान उच्च न्यायालयाने २००७ मध्ये आदेश दिले, उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१० मध्ये त्या न्यायालयाने प्लॅस्टिक पुड्यांना मनाई केली. मार्च २०११ पासून ती लागू झाली. २०१२ साली राजस्थान आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे गुटखा बंद झाला. कागदावर, असं म्हणायला हवं. दुकानदारांनी पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एकत्र करतं. कायद्याने अन्नपदार्थातली तंबाखू पकडली, साधी सुपारी मात्र मोकळी राहिली. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवते, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष २००४ सालीच छापून आलेला आहे.

आणि आपण? जेवणं झाली की तबकातून सुगंधी सुपारी फिरते. लग्नाच्या मांडवात लहान मुलं गोड सुपारीच्या पुड्यांनी खिसे भरतात, आणि आपण कौतुकाने बघतो. पूजेत सुपारीचा गणपती मांडायला माझी काहीच हरकत नाही. तिथे तिला कोणी चघळत नाही.

उपचार आहेत, पण तोकडे. गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं, तोंड उघडण्याचे व्यायाम, फारच आखडलं तर शस्त्रक्रिया. सुपारी सुटली तर रोग बहुधा आहे तिथे थांबतो. बनलेले पट्टे सहसा विरत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षं मागोवा घेतला. त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणून सुपारी सोडल्यावरही तोंड ठरावीक काळाने तपासून घ्यावं लागतं. घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे: आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. दोनच जात असतील, तर दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा, आणि सुपारी किती वर्षं खाता ते त्यांनी विचारायच्या आधी सांगा.