पडद्यामागची माणसे बोलती करू या



गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा आपल्या देशातला पहिला बोलपट लागला. आज तो पाहावा म्हटले तर पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच हाती आहेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म ठिणगीसरशी पेट घेई. कोठे ती जळाली, कोठे कुजली, कोठे तीतली चांदी काढण्यासाठी विकली गेली. चित्रपट गेला की मागे राहते काय? एखादी जाहिरात, एखादे छायाचित्र, आणि ज्यांनी तो केला त्यांच्या आठवणी. जाहिरात कपाटात राहते. आठवण माणसाबरोबर जाते.

दूरचित्रवाणीची कथा तर याहून वाईट. टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवे मुद्रण करावयाचे. विलायतेत बीबीसीसारख्या संस्थेनेही हेच केले, आणि १९६०च्या दशकातील ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग हरवले. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ते आपल्या वरळीलाच. तेथे दिवे लावणारे, पडदे रंगवणारे, केबल ओढणारे हात कोणाचे होते, हे कोठल्या पुस्तकात सापडायचे?

पश्चिमेकडे काही मंडळींना हे वेळीच उमगले. केव्हिन ब्राउनलो हा इंग्रज तरुण मूकपटांच्या वेडाने झपाटलेला. विस्मरणात गेलेले दिग्दर्शक, नट, कॅमेरामन शोधून त्याने त्यांना बोलते केले. १९६८ साली त्याचे पुस्तक निघाले, आणि १९८० साली ‘हॉलिवूड’ ही तेरा भागांची मालिका. ब्रिटनमधील चित्रपट-दूरचित्रवाणी कामगारांच्या संघटनेतील लोकांनी १९८७ साली आपल्याच सोबत्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तेथे संकलकापुढे नटाचा तोरा चालत नाही.

आपल्याकडे असे काहीच झाले नाही, असे मात्र नव्हे. हंसा वाडकरांनी आपली जीवनकथा सांगितली, अरुण साधूंनी ती शब्दांकित केली. १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, हंसाबाई गेल्या. दोन वर्षे उशीर झाला असता तर? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानेही जुन्या कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. पण १९४२ साली परळला उभ्या राहिलेल्या राजकमल कलामंदिरात रंधा मारणाऱ्या सुताराला कोण विचारणार?

आम्ही अशाच एका वृद्ध कारागिराकडे, परळच्या चाळीत, गेलो होतो. पहिला दिवस आम्हीच वाया घालवला: “तुम्हांला कसे वाटले?” असले प्रश्न. म्हातारबुवा “बरं वाटलं” म्हणून गप्प. मग विचारले, मजुरी किती मिळे, डब्यात काय असे, रात्रपाळी सुटल्यावर घरी कसे जात? तेव्हा गाडी सुटली. प्लॅस्टरचे खांब संगमरवरी कसे दिसत, हे ते हाताने दाखवू लागले, आणि ऐन रंगात आमचे यंत्र बंद पडले. “उद्या या,” ते म्हणाले. आम्ही पंधरा दिवसांनी गेलो. दार सुनेने उघडले. भिंतीवरच्या फोटोला हार होता.

आठवण चुकते, हे खरे. माणूस सालांची सरमिसळ करतो, आपले काम थोडे मोठे करून सांगतो. त्याला तेथेच टोकू नये. घरी येऊन जुनी वर्तमानपत्रे, चित्रपटांच्या पुस्तिका ताडून पाहाव्यात. आणि त्याची बोली ‘शुद्ध’ करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये.

पडद्यावर कोळीनृत्य आपण किती वेळा पाहिले! होड्या दिसतात, जाळी दिसतात. नाचणाऱ्यांची नावे बहुधा दिसत नाहीत. या गल्ल्यांतून कोणी गेले होते काय, रोज काय मिळाला, लुगडी घरची होती की कंपनीची? आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर ध्वनिमुद्रण होते. ज्यांच्या घरी असे आजोबा, आजी, काका असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर मंचाशी थांबावे. वही आम्ही आणली आहे.